थांबला की थांबवला? अडवण्याच्या शब्दांचा इतिहास

रायगड जिल्ह्यातल्या तळ्याजवळच्या एका शाळेत काही दिवस जाणेयेणे होते. आठवीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू होता. बाईंनी फळ्यावर काही क्रियापदे लिहिली होती : स्टॉप, ब्लॉक, चेक, प्रिव्हेंट. मुलांनी शब्दकोशातून आणखी काही शोधून आणली : इम्पीड, क्लॉग, थ्वॉर्ट, रेझिस्ट. प्रत्येकासमोर अर्थ लिहायचा होता. बहुतेक वह्यांमध्ये सगळ्या शब्दांपुढे एकच अर्थ होता, ‘थांबवणे किंवा अडवणे’. एका मुलीने हात वर केला आणि विचारले, “बाई, सगळ्यांचा अर्थ एकच आहे, तर एवढे शब्द कशाला केले?”

त्यानंतरचा तास विज्ञानाचा होता. सरांनी टेबलावरून चेंडू घरंगळत सोडला. तो थोडा पुढे गेला आणि उभा राहिला. “काय झाले?” सरांनी विचारले. वर्ग एका सुरात म्हणाला, “थांबला!” “का थांबला?” “थांबला म्हणजे... आपोआप थांबला.”

हे दोन प्रश्न त्या दिवशी मला अगदी वेगवेगळे वाटले होते. पुढे शब्दकोश आणि इतिहासाची पुस्तके चाळताना लक्षात आले की त्यांचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे. अडवणे, थांबवणे, रोखणे या शब्दांच्या मागे माणसाने प्रत्यक्ष हाताळलेल्या वस्तू आहेत. दोर, ओंडका, दाराचा अडसर, होडीच्या फटीत ठासलेला बोळा. त्यातल्या बऱ्याच वस्तू तळ्याच्या परिसरात ओळखीच्या आहेत. त्या वस्तू पाहिल्या की शब्दांमधला फरक कळतो, आणि तो कळला की विज्ञानाच्या तासातला ‘आपोआप’ हा शब्दही खटकू लागतो.

गडाचा दरवाजा आणि शत्रूचा वेढा

तळे गावाच्या डोक्यावर तळगड आहे. मांदाडच्या खाडीतून वर येणाऱ्या वाटांवर नजर ठेवायला ही जागा सोयीची. मांदाड म्हणजे प्राचीन काळचे मंदगोरा बंदर असावे असे अनेक अभ्यासक मानतात. जवळच कुड्याची बौद्ध लेणी आहेत. म्हणजे या वाटेने माल आणि माणसे सुमारे दोन हजार वर्षे ये-जा करीत आहेत. जिथे ये-जा असते तिथे ती अडवण्याची सोयही असते. गड ही अशीच एक सोय.

१६४८ च्या सुमारास तळगड आणि शेजारचा घोसाळगड शिवाजी महाराजांकडे आले. १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले आणि बारा स्वतःकडे ठेवले, त्या बारांमध्ये तळगड होता. १८१८ साली कर्नल प्रॉथरच्या फौजेने तो इंग्रजांसाठी घेतला.

कोणत्याही किल्ल्याच्या मुख्य दरवाजाच्या आतल्या बाजूला दोन्ही भिंतींत समोरासमोर खोबणी दिसतात. दार लावले की या खोबणींतून एक जाड तुळई आडवी सरकवायची. तो अडसर. आजही आपण म्हणतो, ‘या कामात पैशाचा अडसर आहे’. इंग्रजीत ‘बार’ या शब्दाने हेच काम केले आहे. बार म्हणजे दांडा, आणि ‘टू बार’ म्हणजे दांडा घालून बंद करणे, मनाई करणे. ‘एम्बॅरस’ हा शब्दही मुळात याच दांड्यापासून आलेला आहे. आडवा दांडा समोर आल्यावर माणूस जसा घोटाळतो, तसा घोटाळणे असा त्याचा प्रवास झाला.

आता दाराच्या बाहेरची बाजू पाहू. शत्रू वेढा घालतो. आपला ‘वेढा’ हा शब्द गुंडाळणे, लपेटणे या अर्थाच्या संस्कृत ‘वेष्ट्’ धातूच्या कुळातला आहे. दोरी खांबाला जशी वेढते तशी फौज गडाला वेढते. इंग्रजीत वेढ्याला ‘सीज’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ बैठक, आसन. म्हणजे एकाच घटनेकडे दोन भाषांनी दोन बाजूंनी पाहिले. मराठीने गडाभोवतीचे वर्तुळ पाहिले, इंग्रजीने गडासमोर ठाण मांडून बसलेली फौज पाहिली.

असा वेढा तळगडाला १६५९ साली पडला होता. जंजिऱ्याच्या सिद्दीने तो घातला होता. त्या वर्षी १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला. ही बातमी पोचली आणि सिद्दीने वेढा उठवला. त्याची फौज तळगडाच्या पायथ्याशी हरली म्हणून वेढा उठला नाही. लांब दुसरीकडे एक सोंगटी पटावरून गेली आणि इथली चाल थांबली. बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांना हे लगेच समजेल, आणि तिथेच आपला पुढचा शब्द आहे.

शह आणि चेक

‘चेक’ हा इंग्रजी शब्द आपण दिवसातून दहादा वापरतो. वही चेक करणे, तिकीट चेक करणे, बँकेचा चेक, रस्त्यावरचा चेकनाका. या सगळ्यांचे मूळ बुद्धिबळात आहे. आपल्याकडचा चतुरंगाचा खेळ इराणात गेला. तिथे राजावर हल्ला झाला की खेळाडू प्रतिपक्षाला सावध करण्यासाठी ‘शाह!’ म्हणत असे. शाह म्हणजे राजा. हा शब्द खेळाबरोबर अरबीतून युरोपात गेला, जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे रूप बदलले आणि इंग्रजीत तो ‘चेक’ झाला. राजाला शह बसला की इतर सगळ्या बेतांना खीळ बसते, आधी राजा वाचवावा लागतो. म्हणून ‘चेक’ चा अर्थ पुढे सरकणाऱ्याला एकाएकी आवर घालणे असा झाला. मग आवर घालण्यासाठी लक्ष ठेवणे, आणि लक्ष ठेवण्यासाठी तपासणे. अशा पायऱ्या चढत तो शब्द वही तपासण्यापर्यंत आला.

इराणातून तोच शब्द दुसऱ्या वाटेने आपल्याकडेही परत आला. मराठीत ‘शह देणे’ म्हणजे राजाला धोक्यात आणणे, आणि राजकारणातही ‘शह देणे’ म्हणजे प्रतिपक्षाची चाल रोखणे. ‘शह’ आणि ‘चेक’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. ‘चेक’ चा मराठी अर्थ वहीत लिहिताना मुलीने ‘शह देणे’ लिहिले असते तर ते नुसते बरोबर नव्हे, अगदी मुळाला धरून झाले असते.

घोड्याचा पाय, गुराची मान

‘इम्पीड’ हा शब्द जरा पुस्तकी वाटतो. तो लॅटिनमधून आला आहे. त्यातला ‘पेड’ म्हणजे पाय. पायात काहीतरी अडकवणे, हा त्याचा अर्थ. याच्या उलट ‘एक्स्पेडाइट’, म्हणजे पाय मोकळे करणे. म्हणून ‘एक्स्पेडाइट’ म्हणजे काम झपाट्याने पुढे नेणे, आणि ‘एक्स्पिडिशन’ म्हणजे पाय मोकळे करून निघालेली मोहीम.

मराठीत याला तंतोतंत जोडीचा शब्द आहे : पायबंद. घोडा तळावर बांधताना त्याचे मागचे पाय ज्या दोराने बांधतात तो पायबंद. ‘शत्रूला पायबंद घालणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. शब्द फारसी आहे, ‘पाय’ आणि ‘बंद’ या दोन तुकड्यांचा. यातला ‘पाय’, संस्कृतातला ‘पाद’ आणि लॅटिनमधला ‘पेड’ हे एकाच कुळातले. ‘बंद’, संस्कृतातला ‘बंध’ आणि इंग्रजीतला ‘बाइंड’ हेही एकाच कुळातले. हजारो वर्षांपूर्वी एकमेकांपासून दूर गेलेल्या भाषांनी एकच वस्तू पाहून एकच विचार केला : चालणाऱ्याला आवरायचे असेल तर पाय बांधा.

‘क्लॉग’ म्हणजे आज आपण नळ तुंबणे, गटार तुंबणे असा अर्थ घेतो. मूळ ‘क्लॉग’ हा लाकडाचा ओंडका आहे. उनाड जनावर पळू नये म्हणून त्याला हा ओंडका बांधत. मराठीत त्याला लोढणे म्हणतात. उंडारणाऱ्या गुराच्या गळ्यात लोढणे अडकवले की पळताना ते पायांवर आपटते, म्हणून गुरू हळू चालते. लक्षात घ्या, लोढण्याने जनावर थांबत नाही. ते चालते, चरते, पण वेग घेऊ शकत नाही. ‘गळ्यात लोढणे पडले’ असे आपण म्हणतो तेव्हा माणूस जागच्या जागी उभा राहिलेला नसतो, ओढत ओढत चालत असतो. पायबंद आणि लोढणे यांच्यातला हा फरक ‘इम्पीड’ आणि ‘क्लॉग’ यांच्यातही मुळात होता.

‘ब्लॉक’ हाही मुळात ओंडकाच, झाडाचे खोड. वाटेवर ओंडका टाकला की वाट बंद. इथे मराठीतला ‘खोडा’ आठवावा. कैद्याचे पाय अडकवायला भोके पाडलेले जे जाड लाकूड असे, त्याला खोडा म्हणत. ‘कामात खोडा घालणे’ हा प्रयोग त्यावरून आला.

आडवे पडणे

आता ‘थ्वॉर्ट’ पाहू. एखाद्याचा बेत हाणून पाडणे, असा याचा आजचा अर्थ. हा शब्द उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आला. मूळ अर्थ ‘आडवा’. होडीत एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत बसायची जी आडवी फळी असते, तिलाही इंग्रजीत ‘थ्वॉर्ट’ च म्हणतात. कोळीवाड्यातल्या मुलांनी ही फळी रोज पाहिलेली असते.

मराठीतला ‘अडवणे’ हा शब्द नेमका असाच बनला आहे. आड, आडवा, अडवणे, अडणे, अडथळा, आडकाठी. सगळे एका घरातले. कोणी उभ्या वाटेवर आडवा झाला की वाट अडली. ‘मांजर आडवे गेले’ म्हणून माघारी फिरणारा माणूस हा भाषेचा जुना धडाच गिरवत असतो!

‘अडवणे’ या शब्दात एक बारकावा आहे आणि तो विज्ञान शिकवताना फार उपयोगी पडतो. अडवणे ही वाटेशी केलेली गोष्ट आहे. मी तुमची वाट अडवली म्हणजे तुम्ही थांबलात असे नाही. तुम्ही वळसा घालून जाल, उडी मारून जाल किंवा मला ढकलून जाल. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आपण गावोगावच्या भिंतींवर वाचली आहे. ती करणाऱ्याने ‘पाणी थांबवा’ असे म्हटले नाही. उतारावरून धावणाऱ्या पाण्याच्या वाटेत बांध आडवा घालायचा. पाण्याने दुसरी वाट शोधावी, ती जमिनीच्या पोटात जाणारी असावी, ही त्यातली योजना आहे. नेमका शब्द निवडला की त्यात कृतीची रीतही सांगून होते.

होडीचा बोळा आणि दगडी खांब

आता सगळ्यात साधा शब्द, ‘स्टॉप’. लॅटिनमध्ये तागाच्या किंवा अंबाडीच्या भरड तंतूंना ‘स्टुप्पा’ म्हणत. हे तंतू ठासून भोक बुजवणे, असा ‘स्टॉप’ चा मूळ अर्थ होता. लाकडी होडीच्या फळ्यांमधल्या फटी अशाच बुजवतात. आपल्या किनाऱ्यावरही लाकडी होडी बांधताना तेलात भिजवलेला कापूस किंवा काथ्या फटीत ठोकून बसवण्याची रीत आहे. बाटलीच्या बुचाला इंग्रजीत ‘स्टॉपर’ म्हणतात, नळाच्या तोटीला ‘स्टॉपकॉक’ म्हणतात, यात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. भोक बुजले की गळती बंद. त्यावरून वाहणारी, चालणारी कोणतीही गोष्ट बंद पाडणे हा अर्थ आला. आणि सगळ्यात शेवटी, काही शतकांनी, ‘स्वतः थांबणे’ हा अर्थ आला. ‘द बस स्टॉप्ड’ या साध्या वाक्यातला अर्थ हा त्या शब्दाचा सगळ्यात धाकटा अर्थ आहे.

मराठी ‘थांबणे’ चा प्रवास याच्या उलट आहे. संस्कृतात ‘स्तंभ’ म्हणजे खांब आणि ‘स्तंभ्’ धातूचा अर्थ ताठ, अचल होणे. प्राकृतात ‘स्त’ चा ‘थ’ झाला आणि मराठीत ‘थांबणे’ आले. थांबणे म्हणजे खांबासारखे उभे राहणे. ‘स्तंभित झालो’ म्हणताना आपण तेच सांगतो. इथे आधी स्वतः उभे राहणे आहे. मग त्याला ‘व’ जोडून ‘थांबवणे’ केले, दुसऱ्याला उभे करणे.

म्हणजे इंग्रजीत ‘स्टॉप’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. चेंडू ‘स्टॉप’ होतो आणि खेळाडू चेंडू ‘स्टॉप’ करतो. मराठीत चेंडू थांबतो आणि खेळाडू तो थांबवतो. फरक एका अक्षराचा आहे, पण तो करावाच लागतो. हे लक्षात ठेवू, कारण विज्ञानाच्या तासाला आपण इथेच परत येणार आहोत.

ज्यांनी हे शब्द गोळा केले

या दोन भाषांचे शब्द समोरासमोर मांडण्याचे मोठे काम एकोणिसाव्या शतकात झाले. त्याआधी शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला होता. दरबारी कामकाजातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय द्यावेत हा त्याचा हेतू. कोश झाला, पण लोकांच्या तोंडी बसलेले शब्द सहजासहजी गेले नाहीत. शह राहिला, पायबंद राहिला, मनाई राहिली.

१८२९ साली जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि इतर पंडितांनी तयार केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ छापला गेला. १८३१ साली जेम्स मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्याचा मराठी-इंग्रजी कोश आला. टॉमस आणि जॉर्ज कँडी हे दोघे भाऊ या कामात त्याच्याबरोबर होते आणि शब्द गोळा करून पारखण्याचे बरेचसे श्रम मराठी पंडितांचे होते. १८५७ साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या सुमारे साठ हजारांवर गेली. लोक मोल्सवर्थला ‘मोलेसरशास्त्री’ म्हणत. या कोशाचे मोठेपण असे की त्यात पोथीतल्या शब्दांबरोबर शेतातले, गोठ्यातले, स्वयंपाकघरातले शब्द आहेत. लोढणे, खोडा, पायबंद यांना तिथे मानाची जागा आहे.

उलट दिशेचे काम जास्त कठीण होते. इंग्रजी शब्द घेऊन त्याला मराठी शब्द द्यायचे. मोल्सवर्थने आराखडा करून सुरू केलेला हा इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडीने पूर्ण केला. तो १८४७ साली निघाला. एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द असा हिशेब अशा कोशाला चालत नाही. वही भरणाऱ्या आपल्या मुलांपुढे जो प्रश्न होता तोच कँडी आणि त्याचे पंडित यांच्यापुढे होता. शिकवणाऱ्यांनी हा जाडजूड कोश एकदा वाचनालयात उघडून पाहावा. एकेका इंग्रजी क्रियापदापुढे मराठीची केवढी रांग उभी आहे ते मुलांनाही दाखवावे.

कँडीचे नाव आणखी एका ‘थांबण्या’शी जोडलेले आहे. जुन्या मोडी लिखाणात शब्द न तोडता ओळ सलग चाले, विरामचिन्हे नसत. इंग्रजीच्या धर्तीवर मराठी गद्यात विरामचिन्हे रूढ करण्यात कँडीचा मोठा वाटा आहे. १८५० साली त्याने ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तकच लिहिले. इंग्रजी ‘फुल स्टॉप’ साठी आपण ‘पूर्णविराम’ म्हणतो. ‘विराम’ मधला ‘रम्’ धातू ‘आराम’ मध्येही आहे. म्हणजे बोळा ठासून बंद करणाऱ्या ‘स्टॉप’ ला मराठीत विसाव्याचा शब्द मिळाला. वाक्याच्या शेवटासाठी हा शब्द मला तरी जास्त शोभून दिसतो.

देवाणघेवाण एका बाजूनेच झाली असे मात्र समजू नये. ‘बंड’ म्हणजे बांध, हा शब्द इंग्रजांनी आपल्या देशातून उचलला. पुण्यातल्या बंड गार्डनमध्ये तो आहे, आणि चीनमधल्या शांघायचा प्रसिद्ध नदीकाठही ‘द बंड’ म्हणूनच ओळखला जातो. विसाव्या शतकात ‘बंद’ आणि ‘घेराव’ हे शब्दही इंग्रजी शब्दकोशांत जाऊन बसले. अडवण्याच्या बाबतीत आपण इंग्रजीला बरेच काही दिले आहे!

खारबांधाची उघाडी

शब्दांकडून पुन्हा वस्तूकडे येऊ. रायगडच्या खाड्यांकाठी खारजमिनी आहेत. भरतीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून माती-दगडाचे बांध घालून ही जमीन पिकाखाली आणलेली आहे. ब्रिटिश काळाच्या आधीपासून चालत आलेले हे काम. पूर्वी बांधांची निगा गावकरी आणि जमीन राखणारे शिलोत्रदार करीत. १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींसाठी कायदा केला आणि १९७९ साली महाराष्ट्राचा स्वतंत्र खारजमीन विकास कायदा आला.

या बांधात एक अडचण असते. समुद्राचे पाणी बाहेर ठेवायचे, पण पावसाळ्यात आत साचलेले गोडे पाणी बाहेर सोडायचे. नुसता बांध घातला तर शेत तळे होऊन बसेल. म्हणून बांधात उघाडी ठेवतात. तिला खाडीच्या बाजूने झडप असते. भरती आली की बाहेरचे पाणी झडपेवर दाब देते आणि झडप घट्ट बसते. ओहोटी लागली की बाहेरचा दाब कमी होतो, आतल्या पाण्याचा दाब झडप ढकलतो आणि पाणी निघून जाते. माणसाने हात न लावता, दिवसातून दोनदा. आपल्या हृदयातल्या झडपा याच तत्त्वावर चालतात. जीवशास्त्राच्या पाठात हृदयाची आकृती काढण्याआधी मुलांना उघाडी दाखवून आणता आली तर निम्मा पाठ तिथेच होईल.

बांध भरतीला थांबवतो का? नाही. भरती चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणाने येते, ती बांधाच्या बाहेर येतच राहते. बांध तिची वाट अडवतो. पाण्याचा दाब त्याच्यावर पडत राहतो, आणि बांध तितक्याच जोराने उलट दाब देत उभा राहतो. ‘रेझिस्ट’ या शब्दाचा मूळ अर्थ हाच आहे : समोर उभे राहणे. त्यातला लॅटिन धातू आणि संस्कृतातला ‘स्था’, ज्यावरून ‘तिष्ठणे’ आले, हे सख्खे भाऊ आहेत. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात दाब वाढतो. बांधात कुठे खेकड्याचे बीळ असेल, माती सैल झाली असेल, तर तिथे खांड पडते. एका रात्रीत खारे पाणी शेतात पसरते. मग ते मीठ पावसाने धुऊन निघायला काही वर्षे जातात. ‘अडवले म्हणजे संपले’ असे समजणाऱ्याला खारबांध हा धडा शिकवतो. अडवलेल्या गोष्टीला रोज अडवत राहावे लागते.

विजेच्या पाठातला ‘रोध’ हा शब्दही इथे आठवावा. संस्कृत ‘रुध्’ म्हणजे कोंडणे, अडवणे. विरोध, अवरोध, निरोध, प्रतिरोध, गतिरोधक हे सगळे त्याचेच. तारेचा रोध वीज पूर्ण थांबवत नाही, तिच्या वाटेत अडथळा करतो आणि त्यात तार तापते. मुलांना रोध म्हणजे भिंत वाटू नये, लोढणे वाटावे. या एका उपमेने पुष्कळ गोंधळ टळतो असा माझा अनुभव आहे.

चेंडू कोणी थांबवला?

आता त्या चेंडूकडे. ‘आपोआप थांबला’ असे म्हणणाऱ्या मुलांना हसू नये. ॲरिस्टॉटलनंतर सुमारे दोन हजार वर्षे युरोपातले मोठमोठे विद्वान थोड्याफार फरकाने तेच म्हणत होते. वस्तूची सहज अवस्था म्हणजे स्थिर असणे, ढकलणारा गेला की गती संपते, अशी समजूत होती. रोजचा अनुभवही तसाच आहे. बैल थांबले की गाडी थांबते.

गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून पाहिले. त्याचा विचार असा होता : एका उतारावरून सुटलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत जातो. चढ कमी केला तर ती उंची गाठायला तो जास्त लांब जातो. मग चढ अजिबात नसला, सपाटी असली तर? त्या उंचीच्या शोधात गोळा जातच राहील. त्याचा गतीवरचा प्रसिद्ध ग्रंथ १६३८ साली हॉलंडमध्ये छापला गेला. म्हणजे आपल्या तळगडावर स्वराज्याचा अंमल येण्याच्या सुमारे दहा वर्षे आधी. १६८७ साली न्यूटनने याच विचाराला गतीच्या पहिल्या नियमाचे रूप दिले. वस्तू आपोआप थांबत नाही. ती थांबली असेल तर तिला थांबवणारे काहीतरी आहेच.

हा नियम मराठीत एका अक्षरात सांगता येतो. प्रत्येक ‘थांबला’ च्या मागे एक ‘थांबवला’ असतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला ‘स्टॉप्ड’ या शब्दात ही फोड दिसत नाही, मराठी मुलाच्या तोंडी ती आधीपासूनच असते. अर्थात नुसते व्याकरण असून भागत नाही. मराठी बोलणारी मुलेही ‘आपोआप’ च म्हणाली. व्याकरणाने दिलेला प्रश्न विचारायला शिकवावे लागते.

वर्गात करून पाहता येईल असा प्रयोग सांगतो. एक पुठ्ठा किंवा पाटी पुस्तकांवर टेकवून उतार करा. वरच्या एका खुणेपासून गोटी सोडा, ढकलू नका. समोर आधी वाळू पसरा, मग गोणपाट, मग सतरंजी, शेवटी मोकळी गुळगुळीत फरशी. प्रत्येक वेळी गोटी किती लांब गेली ते पट्टीने मोजून वहीत लिहा. तीन-तीन वेळा मोजून सरासरी काढा. मग प्रत्येक ओळीपुढे लिहायला सांगा : ‘गोटी थांबली’ असे नव्हे, तर ‘गोटीला कोणी थांबवले’. वाळूने, गोणपाटाने, सतरंजीने. फरशीपाशी मुले अडखळतील. तिथे घाई करू नका. “फरशी आणखी गुळगुळीत केली तर? हवाही नसली तर?” असे विचारत राहा. गॅलिलिओने मनात घेतलेली उडी तुमच्या वर्गातले कोणीतरी घेईल.

दुसरा उपक्रम भाषेच्या तासाचा. मुलांना घरी पाठवताना सांगा की आजीला, आजोबांना, मासेमारी करणाऱ्या काकांना विचारून अडवण्याचे, थांबवण्याचे शब्द आणा. शब्दाबरोबर वस्तूही आणायची, नाही तर तिचे चित्र काढायचे. पाचर, खीळ, अडसर, लगाम, वेसण, दावे, बूच, झडप, कुंपण, बांध. त्यांचे गट पाडा : वाट अडवणारे, वेग कमी करणारे, पूर्ण थांबवणारे, भोक बुजवणारे, एका बाजूने जाऊ देऊन दुसऱ्या बाजूने अडवणारे. शेवटच्या गटात उघाडीबरोबर सायकलच्या चाकातला व्हॉल्व्ह येईल, हृदयाची झडप येईल, मासे आत घेऊन बाहेर न सोडणारा बांबूचा सापळा येईल. यादी पूर्ण झाली की मग इंग्रजी शब्द एकेक करून योग्य वस्तूशेजारी ठेवायला सांगा.

त्या शाळेतल्या बाईंना मी पुढच्या भेटीत हे सगळे सांगितले. त्यांनी मुलांकडून जुनी यादी पुन्हा लिहून घेतली. ‘चेक’ पुढे शह आला, ‘इम्पीड’ पुढे पायबंद, ‘क्लॉग’ पुढे लोढणे, ‘थ्वॉर्ट’ पुढे आडवे येणे. ‘स्टॉप’ पुढे दोन शब्द लिहावे लागले, थांबणे आणि थांबवणे. ‘प्रिव्हेंट’ मात्र राहिला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘आधी येणे’ असा आहे. धोका येण्याआधी आपण तिथे हजर असणे. याला नेमका मराठी शब्द कोणता, यावर वर्गात वाद झाला. प्रतिबंध करणे, टाळणे, आधीच रोखणे, असे बरेच शब्द पुढे आले. प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, “खांड पडायच्या आधी बांध बघून येतात, ते काय?” तिच्या घरी खारजमीन आहे. त्या कामाला घरात काय म्हणतात ते विचारून यायचे तिने कबूल केले आहे.